कपाटातील रोपवाटिका, आठ महिन्यांनंतर: उजेड पुरला, वारा कमी पडला

कोथरूडमधील आमची सदनिका उत्तराभिमुख आहे आणि समोरच दुसरी इमारत उभी असल्यामुळे घरात थेट ऊन कुठेही येत नाही. गच्चीवर मात्र सोसायटीच्या परवानगीने आम्ही गेली सहा वर्षे वांगी, टोमॅटो, मिरची असा भाजीपाला तीसएक कुंड्यांमध्ये लावतो. अडचण नेहमी रोपांच्या पहिल्या महिन्याची असे. गच्चीवर बी पेरले की खारी आणि कबुतरे ते उकरून काढत, जून-जुलैत पावसाच्या माऱ्याने नुकते उगवलेले रोप आडवे होई आणि डिसेंबरात थंडीमुळे मिरचीचे बी तीन-तीन आठवडे रुजत नसे. रोपवाटिकेतून तयार रोपे आणता येतात, परंतु तेथे ठरावीक संकरित वाणच मिळतात. मला मांजरी गोटा हे हडपसरजवळच्या मांजरीचे नाव लावणारे जांभळे, पांढऱ्या छटांचे गोल वांगे हवे होते आणि सासूबाईंनी जुन्नरहून आणलेले घरचे मिरचीचे बी वाया जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून गेल्या मे महिन्यात मधल्या पॅसेजमधील भिंतीतले कपाट रिकामे केले. मेपासून जानेवारीपर्यंत त्यात सात वेळा रोपे तयार केली. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

कपाट जुन्या पद्धतीचे, कडाप्प्याच्या फळ्यांचे आहे. वापरातला कप्पा तीन फूट रुंद, दोन फूट खोल आणि सव्वादोन फूट उंच आहे, म्हणजे रोपवाटिकेत बी पेरण्यासाठी वापरतात ते ९८ छोट्या कप्प्यांचे प्लास्टिकचे दोन ट्रे (प्रोट्रे) त्यात शेजारी शेजारी बसतात. कडाप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला बुरशी धरत नाही आणि फडक्याने पुसला की स्वच्छ होतो, त्यामुळे प्लायवूडच्या कपाटापेक्षा तो या कामासाठी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा एकच दोष हिवाळ्यात लक्षात आला. कडाप्पा गार पडतो आणि प्रोट्रेचा तळही गार करतो. तळाशी अर्ध्या इंचाचा थर्मोकोलचा तुकडा ठेवल्यावर तो प्रश्न सुटला. आतल्या भिंतींना पांढरा डिस्टेंपर दिला आहे. ॲल्युमिनियमची चकचकीत फॉईल लावून पाहिली होती, पण ती चुरगळते, उजेड एकसारखा परतवत नाही आणि विजेच्या जोडणीजवळ ती असणे मला धोक्याचे वाटले.

दिव्याच्या बाबतीत पहिली खरेदी चुकली. १००० वॅट असे छापलेला लाल-निळ्या प्रकाशाचा दिवा २८०० रुपयांना मागवला. वीज मोजणाऱ्या प्लगवर तो प्रत्यक्षात ९० वॅटच्या आसपास वीज घेत होता. त्या जांभळट उजेडात पाने पिवळी पडली आहेत की हिरवी आहेत, हे डोळ्यांना ओळखताच येत नसे आणि रोपांच्या बाबतीत ती ओळख वेळेवर पटणे फार महत्त्वाचे असते. तो दिवा महिनाभरात काढला आणि साध्या विजेच्या दुकानातून दहा वॅटच्या, दोन फुटी, ६५०० केल्विनच्या, म्हणजे पांढऱ्या उजेडाच्या सहा एलईडी ट्यूब आणल्या. सगळ्या मिळून साठ वॅट होतात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर त्या बसवल्या आणि चौकट साखळीने टांगली, म्हणजे रोपे वाढतील तशी ती वर घेता येते. रोपांच्या शेंड्यापासून पाच इंचांवर उजेड मध्यभागी सुमारे १२,००० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) आणि कडांना त्याहून बराच कमी भरतो. त्यामुळे प्रोट्रे दर दोन दिवसांनी फिरवून ठेवते. दिवसाला १६ तास दिवे चालू ठेवले तर महिन्याला साधारण २९ युनिट वीज लागते.

या उजेडाविषयी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. घरातल्या बंदिस्त जागेत रोपे वाढवण्याची पुष्कळशी माहिती मुळात परदेशातील गांजाच्या लागवडीसाठी लिहिलेली असते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजाची लागवड करणे हा गुन्हा आहे आणि त्या झाडाला फुलोऱ्यापर्यंत नेण्यासाठी सांगितलेली प्रखर प्रकाशाची मापे टोमॅटो-मिरचीच्या कोवळ्या रोपांना लागू पडत नाहीत. ती मापे पाहून महागडे दिवे घेण्याचे कारण नाही. चौरस मीटरमागे सेकंदाला १५० ते २०० मायक्रोमोल (रोपाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजण्याचे माप) एवढा प्रकाश भाजीच्या रोपाला पहिल्या महिन्यात पुरतो आणि साध्या पांढऱ्या ट्यूब तो देऊ शकतात. मात्र अंतर जपावे लागते. जूनमध्ये आठ दिवस गावाला गेले असताना चौकट फूटभर वरच राहिली आणि परत आले तेव्हा टोमॅटोची रोपे चार इंच उंच, काटकुळी आणि पांढुरक्या देठांची झाली होती.

उजेडाचा हिशेब जमल्यावरही पावसाळ्यातल्या दोन खेपा मात्र वाया गेल्या. टोमॅटो पाचव्या-सहाव्या दिवशी छान उगवून आले, दलपत्रे (बियातून निघणारी पहिली दोन पाने) उघडली आणि मग सकाळी पाहावे तर एका कोपऱ्यातील आठ-दहा रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडलेली दिसत. दुसऱ्या दिवशी तो डाग शेजारच्या कप्प्यांत पसरे. हा पिथियमसारख्या बुरशींमुळे होणारा रोपमर आहे, हे कळायला वेळ लागला नाही. पाणी कमी केले, मातीऐवजी वापरत असलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळली, प्रोट्रे गरम पाण्याने आणि साबणाने धुतले. थोडा फरक पडला, पण रोग थांबला नाही. जुलैच्या अखेरीस सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. कपाटाचे दार उघडून त्यांनी आत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं, उजेड दिलास, पाणी दिलंस, पण यांना वारा कुठंय? गादीवाफ्यावर रोप दिवसभर हलत असतं."

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दोन्ही दारे बंद असताना आतली आर्द्रता नव्वद टक्क्यांपर्यंत जात होती आणि कोकोपीटचा वरचा थर कधीच सुकत नव्हता. बुरशीला याहून सोयीची जागा मिळणार नाही. स्थिर हवेचा दुसरा तोटाही आहे. पानांभोवती ओलसर हवेचा थर साचून राहिला की पानांतून बाष्प कमी बाहेर पडते. मुळांकडून वर येणारा कॅल्शियम याच प्रवाहाबरोबर पानांपर्यंत पोहोचत असल्यामुळे कोवळ्या पानांना त्याचा तुटवडा भासतो. तिसरी गोष्ट खोडाची. रोपाला सतत हलका हेलकावा मिळाला की ते उंचीला आवरते आणि जाडीला भरते. आमची रोपे इतके दिवस वाऱ्याची सवय नसलेली, नुसती उभी असत. गच्चीवर नेल्यावर पहिल्याच वाऱ्यात ती मान टाकत, तेव्हा मी दोष उन्हाला देत होते.

संगणकात असतो तसा १२ सेंटिमीटरचा, १२ व्होल्टचा एक पंखा उजव्या बाजूला रोपांच्या उंचीवर बसवला आणि दुसरा डाव्या दाराच्या वरच्या भागात जाळी कापून हवा बाहेर टाकण्यासाठी लावला. आतल्या पंख्याचा झोत रोपांवर थेट न सोडता समोरच्या भिंतीवर सोडला आहे, म्हणजे भिंतीवरून परतणारी हवा पानांना जेमतेम हलवते. थेट झोतात ठेवलेल्या रोपांचे कप्पे दुपारपर्यंत कोरडे पडत होते आणि पानांच्या कडा वाळत होत्या. दोन्ही पंख्यांना अडॅप्टरसकट सुमारे अकराशे रुपये लागले. संपूर्ण कपाटावर केलेल्या खर्चांपैकी सर्वांत उपयोगी ठरलेला खर्च कोणता, असे विचारले तर मी निःसंकोच हाच सांगेन. ऑगस्टनंतरच्या चार खेपांत रोपमर एकदाच, तोही सहा-सात रोपांपुरता दिसला. पाणी देण्याची पद्धतही त्याच वेळी बदलली होती, त्यामुळे सगळे श्रेय पंख्याला देता येणार नाही. आता पाणी वरून शिंपडत नाही. प्रोट्रे एका परातीसारख्या ट्रेमध्ये पंधरा-वीस मिनिटे ठेवते, कोकोपीट खालून भिजले की उचलते आणि ट्रेमधील उरलेले पाणी टाकून देते.

कोकोपीटविषयी थोडक्यात सांगते. मार्केट यार्ड परिसरातील कृषी सेवा केंद्रातून ६५० ग्रॅमच्या विटा आणते. एक वीट भिजवली की आठ-नऊ लिटर भरते. तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय ते वापरू नये, कारण नारळाच्या काथ्यात क्षार बरेच असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. आमच्या इमारतीत नळाला खडकवासल्याचे पाणी येते, तोवर काही बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकरचे किंवा बोअरचे पाणी टाकीत पडते, तेव्हा ते जड असते आणि कप्प्यांवर पांढरे पापुद्रे धरतात. त्या दोन महिन्यांत पिण्यासाठी गाळलेले पाणी थोडे मिसळते. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून दोन खरी पाने आल्यावर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात देते. त्याहून लवकर दिले तर फायदा दिसला नाही.

उष्णतेचा प्रश्न मे महिन्यात गंभीर होता. दुपारी घरातच ३४ अंश असताना दिवे लावले की कपाटात ३८ अंशांपर्यंत पारा जाई आणि इतक्या उष्णतेत टोमॅटोचे बी नीट रुजत नाही. तेव्हा दिव्यांची वेळ संध्याकाळी सहा ते सकाळी दहा अशी उलटी केली. रोपांना काळोख केव्हा मिळतो याने फरक पडत नाही, तो रोज ठरावीक वेळी मिळाला म्हणजे झाले. रात्रभर दाराच्या फटीतून पॅसेजमध्ये उजेड येत राहतो. लहान मूल किंवा झोप सावध असलेली वडीलधारी माणसे घरात असतील तर याचा विचार आधी करावा. हिवाळ्यात याउलट चित्र असते. डिसेंबरात बाहेर रात्री ११-१२ अंश असताना कपाटात पहाटेसुद्धा २१ अंशांखाली पारा गेला नाही. गच्चीवर तीन आठवडे घेणारी मिरची येथे नवव्या दिवशी वर आली आणि ढोबळी मिरची अकराव्या दिवशी. माझ्या दृष्टीने कपाटाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आहे.

टायमर घेताना दात असलेली चकती फिरणारा यांत्रिक टायमर घेऊ नये. आमच्या भागात वीजदुरुस्तीची कामे बहुधा गुरुवारी निघतात. वीज गेली की ती चकती थांबते आणि वीज आल्यावर थांबली तेथूनच पुढे चालते. तीन गुरुवारांत आमचा टायमर सात तास मागे पडला होता आणि ते माझ्या उशिरा लक्षात आले. आता आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वापरते. विजेची जोडणी करताना सगळे अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड कपाटाबाहेर, पाण्याच्या पातळीच्या वर ठेवले आहेत. आत फक्त ट्यूब आणि पंख्यांच्या वायरी जातात आणि त्या आत शिरण्यापूर्वी खाली झोल देऊन घेतल्या आहेत, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डापर्यंत पोहोचत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, असा माझा आग्रह राहील.

चिलटांचा त्रास सप्टेंबरात झाला. पिवळे चिकट सापळे लावले आणि वरचा थर सुकू दिला, दोन आठवड्यांत ती आटोक्यात आली.

कपाटातून गच्चीवर जाण्याचा टप्पा मात्र अजूनही मला सर्वांत अवघड वाटतो. कपाटात १२,००० लक्स, तर गच्चीवर दुपारी लाखभर लक्स उजेड असतो. थेट नेलेल्या रोपांची पाने एका दिवसात पांढरी पडतात. पहिले दोन दिवस जिन्याच्या मोकळ्या खिडकीत, पुढचे तीन दिवस गच्चीवर हिरव्या शेडनेटखाली, मग सकाळचे दोन तास ऊन आणि साधारण आठव्या-नवव्या दिवशी कुंडीत लावणी, असा क्रम मी पाळते. टोमॅटो पेरणीपासून पंचविसाव्या दिवशी, वांगी तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी आणि मिरची चाळिसाव्या दिवसाच्या आसपास लावणीयोग्य होते. त्यातील शेवटचा आठवडा ऊनसवयीचाच धरायला हवा. पंखा आल्यापासून या आठवड्यात होणारी मर निम्म्याहून कमी झाली, कारण खोड वाऱ्याला आधीच सरावलेले असते. सप्टेंबरच्या पेरणीतील मांजरी गोट्याची अकरा झाडे गच्चीवर आहेत आणि त्यांची पहिली वांगी आम्ही डिसेंबरात तोडली.

सध्या एका प्रोट्रेमध्ये ढोबळी मिरची आणि दुसऱ्यात सासूबाईंच्या बियाण्याची मिरची आहे. आतला पंखा आठ-नऊ दिवसांपासून घरघरतो आहे, बहुधा त्याच्या बेअरिंगमध्ये ओलावा गेला असावा, म्हणून या रविवारी तो बदलून त्या जागी ओलाव्यापासून बंद केलेल्या बेअरिंगचा पंखा बसवणार आहे.