हरणांच्या चाऱ्यापायी गेलेले २,८५० डॉलर

आधी आकडा सांगतो, म्हणजे लाज एकदाची निघून जाईल. २,८५० डॉलर गेले. कशासाठी? तर अर्ध्या एकरात हरणांसाठी चारा पेरायला.

आमच्या यवतमाळकडे भाऊ रोही आणि डुकरं हाकलायला रात्र रात्र जागलीला जातो, आणि मी इथे हरणांनी यावं म्हणून पैसे मोजतोय. त्याला सांगितलं तेव्हाच तो हसला होता. न्यू जर्सीपासून दोन तासांवर, शेजारच्या राज्यात आम्ही ११ एकर रानाची जमीन घेतली. शिकार मी करत नाही. केबिनच्या खिडकीतून हरणं दिसावीत एवढीच हौस.

तिथलाच एक माणूस भेटला. ट्रक, छोटा ट्रॅक्टर आणि गोड जीभ. झाडं काढायचे १,५००, टनभर चुन्याचे ६००, क्लोव्हर (बरसीमसारखा तिपानी चारा) आणि राय यांच्या बियाण्याचे ७५०. त्यातले १,९०० आगाऊ, ९५० पेरणीच्या दिवशी, सगळे फोनवरून. मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आंबट ते) त्याने खिशातल्या पट्टीवर पाहून सांगितला. ओकच्या रानातली माती आंबट असते हे सांगायला पट्टी कशाला हवी! विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत थोडक्या पैशांत तपासून मिळते, चुना किती टाकायचा तेही लिहून देतात. आधी तिथे माती पाठवा, मग माणूस बोलवा.

आता जिथे माझी अक्कल गहाण पडली ते ऐका. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तो बी घेऊन आला, तेही पांढऱ्या बादलीत. पिशवी नाही, लेबल नाही. मी शेतकऱ्याचा पोरगा. बोगस बियाण्याच्या गोष्टी ऐकतच वाढलोय. बाबा सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघायचे. आणि मी बादलीत हात घातला, बी बोटांवर घेतलं, जिऱ्यासारखं लांबट, फोलकट लागलं, तरी गप्प बसलो. क्लोव्हरचं बी असं नसतं, ते खसखशीपेक्षा जरासं मोठं, पिवळसर, गोल असतं. ‘लेबल कुठाय’ असं विचारलंही, अगदीच गाढव नव्हतो. तर म्हणाला, हे माझं स्वतःचं मिश्रण आहे. परक्या मुलखात, पैसे अर्ध्याहून जास्त गेलेले, समोरचा ट्रॅक्टरवर बसलेला. तुम्ही असता तर भांडला असतात का? मी ९५० पाठवले.

इथे बियाण्याचा केंद्रीय कायदा १९३९ पासून आहे. कोणतं बी किती टक्के, उगवण किती, तणाचं किती, तपासणी कधीची, हे सगळं लेबलवर लागतं. लेबल नसेल तर बी हातात घेऊच नका.

सप्टेंबरअखेर गालिचा अंथरल्यासारखं हिरवंगार झालं. मी मिरवत भावाला व्हिडिओ कॉल केला. तो म्हणाला, “क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचं भावंड ना? मग तिपानी एक तरी दाखव.” गुडघ्यावर बसून शोधलं, एक नाही सापडलं. बिलावर ‘राय’ लिहिलं होतं. राय हे धान्य, गव्हासारखं, थंडीतही हिरवं राहतं, हरणं खातात. पेरलं होतं रायग्रास, अंगणातल्या हिरवळीचं स्वस्त गवत. एका शब्दाचा फरक आणि ७५० डॉलर!

मग डोळे उघडल्यावर सगळंच दिसायला लागलं. नाल्यात चुन्याच्या रिकाम्या पिशव्या होत्या, चाळीस पौंडी, सहा. टनाला पन्नास लागतात. पिशव्या त्याच दिवशी मोजा, नाल्यात उतरून नका मोजू.

आणि झाडं. ऊन यावं म्हणून त्याने पाच ओक पाडले, ओंडके “मी विल्हेवाट लावतो” म्हणत घेऊन गेला. मला वाटलं, चला, कटकट मिटली! खाली पडलेली पानं नंतर शेजाऱ्याने पाहिली. कडा गोल म्हणजे पांढरा ओक. तसे तीन होते. पांढऱ्या ओकची फळं हरणांना सगळ्यात प्रिय, आणि त्याच्या लाकडाची व्हिस्कीची पिंपं होतात, भाव चांगला येतो. म्हणजे हरणांचं ताट मी पैसे देऊन उचलायला लावलं.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला, ओंडके तुम्हीच नेऊ दिलेत. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. बियाण्याच्या खात्याला सीलबंद पिशवी हवी. अहो, पिशवी असती तर तुमच्याकडे आलो असतो का? ग्राहक तक्रारीचा फॉर्म चार पानी, तो भरला, तर सात आठवड्यांनी पत्र आलं की आम्ही वैयक्तिक वाद सोडवत नाही. मग फॉर्म कशाला ठेवलाय? सामू पुन्हा तपासून नेला, ५.१ निघाला, म्हणजे आंबटच, तर तिथला बाबू म्हणतो चुना मुरायला महिने लागतात, यावरून काही सिद्ध होत नाही. ते खरंय, त्याचाच जास्त राग येतो. तुटलेल्या झाडांची किंमत काढायची तर जाणकार आणा, खर्च तुमचा.

करार लेखी करा, त्यात बियाण्याचं पूर्ण नाव आणि ओंडके कोणाचे हे लिहा. आगाऊ कमीत कमी द्या. कुठलं झाड तोडायचं त्यावर तुम्हीच रंगाची खूण करा.

छोट्या दाव्यांच्या कोर्टात अर्ज टाकलाय. त्या दिवशी तो बादली विसरून गेला होता, ती गॅरेजमध्ये झाकण लावून ठेवलीये, तळाशी मूठभर बी आहे. भाऊ म्हणतो, शंभर दाणे गोणपाटात घालून बघ, निदान गवत तरी पूर्ण उगवतंय का.