तान्ह्या पोळ्याला कोणते फुगे घ्यावेत?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचे लाकडी नंदी निघतात, आणि शिंगांना फुगे नसले तर लेकरू घराबाहेर पाय ठेवत नाही. दुकानात आता तीन तऱ्हा दिसतात: साधे रबरी, चकचकीत फॉईलचे आणि वर तरंगणारे गॅसचे.

हट्ट होतो तो गॅसच्या फुग्याचा. घेण्याआधी विक्रेत्याला विचारा, आत काय भरलंय? हेलियम पेट घेत नाही, पण महाग पडतो. म्हणून जत्रेत बरेचदा हायड्रोजन असतो. काही जण तो कॉस्टिक सोडा, अॅल्युमिनियमचे तुकडे आणि पाणी जुन्या टाकीत घालून तयार करतात. ती टाकी तापते, फुटूही शकते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने 1824 मध्ये रबरी फुगा केला तो हायड्रोजनच्या प्रयोगांसाठीच. नागपूरहून हवामान खात्याचे फुगेही हायड्रोजननेच वर जातात, पण तिथे हाताळणारी माणसं शिकलेली असतात. आपल्या दारी मात्र नंदीला ओवाळतात. निरांजन थेट शिंगांजवळ फिरतं. हवेत 4 ते 75 टक्के हायड्रोजन मिसळला की एका ज्योतीने भडका उडतो, आणि फुग्याचा दोरा असतो लेकराच्या हातात. माझ्या घरी हा फुगा येत नाही.

फॉईलचा फुगा कित्येक दिवस टिकतो, घरात वाढदिवसाला शोभतो. त्यात नुसती हवा भरा. हेलियम भरलेला हातून सुटला आणि विजेच्या तारांना लागला तर शॉर्ट होतो, कारण त्याच्या चकाकीत धातू असतो. शिवाय फाटला तरी तो कुजत नाही.

नंदीसाठी साधा रबरीच घ्या. स्वस्त आहे, निरांजनाने फुटला तरी भडका उडत नाही. पूर्ण ताणून भरू नका. बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतपत हवा पुरे, म्हणजे उन्हात हवा फुगली तरी रबराला जागा राहते. शिंगाच्या टोकाला आधी चिंधी गुंडाळा, मग फुगा बांधा. फुगवायचं काम मोठ्यांनी करावं. आठ वर्षांखालच्या लेकराला रिकामा फुगा तोंडात धरू देऊ नका, तो घशात अडकतो. फुटलेला तुकडाही तितकाच वाईट.

बोजारा, म्हणजे नंदी घेऊन घरोघरी फिरल्यावर लेकरांना मिळालेले पैसे, मोजून झाला की अंगणातले तुकडे वेचून पिशवीत बांधा. उकिरड्यावर टाकले तर सकाळी गाय तिथेच तोंड घालते.