वाक्य जुळवायच्या रंगीत शब्दपट्ट्या: नव्या शिक्षकांनी घ्याव्यात का?

सहा-सात वर्षांच्या मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवायला हा संच जरूर घ्यावा. मात्र सगळा एकदम टेबलावर ओतू नका, मुलं रंगांतच रमतात. पहिल्या तासाला सहा पट्ट्या पुरतात: 'द', 'डॉग', 'कॅट', 'ईट', 'रन' आणि 'एस'चा सुटा तुकडा.

खरी कमाल या सुट्या तुकड्याची. तो एकच द्यायचा. 'डॉग'ला लावला तर 'द डॉग्ज ईट', 'ईट'ला लावला तर 'द डॉग ईट्स'. तुकडा दोन्हीकडे एकदम लागत नाही, हे मुलाच्या हाताला आधी कळतं. नियम नंतर सांगितला तरी चालतो. म्हणून 'ईट्स' आयतं छापलेला संच घेऊ नये. सुरुवातीला 'गो', 'वॉच' आणि 'चिल्ड्रन' बाजूला ठेवा. पहिल्या दोघांना 'ईएस' लागतो, तर 'चिल्ड्रन' मुळातच अनेकवचन, त्यामुळे युक्ती फसते.

मराठी मुलं क्रियापदाची पट्टी हमखास शेवटी नेतात: 'द कॅट फिश ईट्स'. रागावू नका. 'कोण?', 'काय करतं?', 'काय?' असे तीन चौकोन आखून द्या.

'अ' आणि 'अ‍ॅन'च्या पट्ट्यांत मात्र संच कमी पडतो. सोबतची पुस्तिका स्वराचं अक्षर बघायला सांगते. बघायचा असतो उच्चार. 'अ युनिफॉर्म', 'अ‍ॅन अवर' इथे ती सूचना चुकीची ठरते. ते पान वापरूच नका, शब्द मोठ्याने म्हणवून घ्या.