लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट : पैसा योग्य ठिकाणी जातो

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड बघण्यात गेली. त्यामुळे संशोधनाला पैसे देणाऱ्या कौटुंबिक संस्थांबद्दल कुणी विचारलं, की मी आधी याच ट्रस्टचं नाव घेते.

मेहरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. १९३२ मध्ये पती दोराबजींनी त्यांच्या नावाने हा ट्रस्ट केला आणि त्याच जूनमध्ये तेही गेले. ल्युकेमिया बरा करणारं औषध तेव्हा जगात कुठेच नव्हतं. औषधाने मुलांमधला हा आजार काही काळ तरी मागे हटतो, हे अमेरिकन डॉक्टर सिडनी फार्बर यांनी दाखवलं ते १९४८ मध्ये. त्यांनी वापरलेलं अमिनोप्टेरिन बनवलं होतं आपल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटाने. म्हणजे दोराबजींनी पैसा बाजूला काढला तेव्हा हाती काय लागेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. तरी काढला, याचं मला फार मोल वाटतं.

ट्रस्टच्या उत्पन्नाचे पाच वाटे धरले, तर चार ल्युकेमियावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधनाला जातात. संशोधक कुठल्याही देशाचा चालतो. एक वाटा भारतातल्या संशोधनाला, त्यात मात्र इतर रोगांनाही जागा आहे. हे ऐकलं की “आपला पैसा बाहेर कशाला?” असं विचारणारे भेटतातच. मला ही वाटणी शंभर टक्के पटते.

ल्युकेमियाच्या पेशंटच्या रक्ताची, लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शन, म्हणजे तेलाचा थेंब टाकून वापरायच्या भिंगाखाली घ्या. ब्लास्ट, म्हणजे अपक्व रक्तपेशी, लगेच डोळ्यांत भरतो: जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेलं जांभळं केंद्रक आणि भोवती निळ्या पेशीद्रवाची जेमतेम कड. ल्युकेमियाच्या मायलॉइड प्रकारात एखाद्या पेशीत ऑअर रॉडची बारीक लालसर काडीही सापडते. पेशंट परळचा असो की लंडनचा, काडी तीच. सीएमएल या ल्युकेमियाच्या सावकाश वाढणाऱ्या प्रकारातलं फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे पेशीतलं बिघडलेलं गुणसूत्र, १९६० मध्ये अमेरिकेत सापडलं. त्याच धाग्यावरून पुढे इमॅटिनिब हे औषध आलं, २००१ मध्ये त्याला तिकडे मंजुरी मिळाली, आणि आज आपल्याकडचे पेशंट ती गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळतात. हे काम या ट्रस्टच्या पैशातून झालं असं माझं म्हणणं नाही. पण एका देशात लागलेला शोध दुसऱ्या देशातल्या पेशंटला जगवतो, हे यातून दिसतं.

आंतरराष्ट्रीय अर्ज तपासायला लंडनमध्ये शास्त्रज्ञांची सल्लागार समिती आहे, हेही चांगलंच. भारतात पीएचडी करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती आहे. संशोधन करणाऱ्या मुलांचा स्टायपेंड महिनोन्महिने अडकतो तेव्हा त्यांची काय ओढाताण होते ते मी जवळून पाहिलंय, म्हणून प्रत्येक जादा दार मला महत्त्वाचं वाटतं. अर्ज करणाऱ्यांनी त्या वर्षीची जाहिरात मात्र नीट वाचावी आणि आपला विषय त्यात बसतो का ते आधी बघावं.

खटकतं ते एवढंच. मोठा वाटा ल्युकेमियाला बांधलेला असल्याने थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या इतर आजारांना भारतातल्या लहान वाट्यावरच आशा ठेवावी लागते. आणि कुणाला कशासाठी मदत मिळाली, त्यातून काय कळलं, हे सोप्या मराठीत माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. रिपोर्ट हातात घेऊन “ब्लास्ट म्हणजे काय हो?” असं विचारणाऱ्या आईवडिलांसाठी ट्रस्टने दरवर्षी चार पानं काढावीत, अशी माझी मनापासून मागणी आहे.