पगाराच्या कटकटी: कन्सल्टंट ठेवावा की सॉफ्टवेअर घ्यावं?

भांडुपला आमचा पॅकेजिंगचा गाळा आहे, माणसं 22. पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), व्यवसाय कर, टीडीएस हे सगळं सहा वर्षं एका कन्सल्टंटकडे होतं. आता सॉफ्टवेअर घेऊन मी आणि अकाउंट्स बघणाऱ्या ताई मिळून करतो. दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो.

आधी कन्सल्टंटच्या बाजूनं बोलतो, कारण माणूस वाईट नव्हता. नवा मुलगा आला की आधार दिलं, विषय संपला. नोटीस आली तर उत्तर तोच लिहायचा. आणि त्याला उचल कळायची. गणपतीला आमची निम्मी माणसं कोकणात जातात, जाताना कोणी पाच हजार, कोणी दहा हजार उचलतो, परत येताना चार दिवस जास्तीचे लावतो. मस्टरच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं त्याला बरोबर वाचता यायचं. सॉफ्टवेअरला ही उचल कर्ज म्हणून दाखवावी लागते, हप्ते पाडून. मध्येच कोणी म्हणाला, 'शेठ, या महिन्यात कापू नका', की ताईंची अर्धी दुपार त्यातच जाते.

मग त्याला सोडलं कशामुळे? 15 तारखेमुळे.

पीएफ आणि ईएसआयसी दोन्ही पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे. मी 5 तारखेला हजेरी पाठवायचो. पैसे भरायचं चलन यायचं 15 ला, संध्याकाळी सहाच्या पुढे, व्हॉट्सॲपवर. खाली एक ओळ: 'शेठ, आजच भरा.' त्याचीही अडचण समजते, शंभर गिऱ्हाइकं, तारीख एकच, त्यात पोर्टल लटकलेलं. पण दर महिन्याला एक संध्याकाळ मी गाळ्यावर फोन हातात धरून बसायचो.

2023 च्या डिसेंबरात चलन आलंच नाही. फोन बंद. 16 ला सकाळी आलं, तसं लगेच भरलं. एका दिवसाचं व्याज सत्तावीस रुपयांच्या आसपास, म्हटलं चालतंय की. सीएंनी मार्चनंतर हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. माणसांच्या पगारातून कापलेला हिस्सा उशिरा भरला तर तेव्हाच्या नियमानं तो खर्च म्हणून मिळतच नव्हता, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 च्या ऑक्टोबरात सांगून टाकलं होतं. पीएफसाठी धरलेल्या 15 हजार पगारावर 12 टक्के म्हणजे माणशी 1,800, 22 जणांचे 39,600. ते माझं उत्पन्न धरलं गेलं आणि त्यावर सेस धरून बारा हजारांहून जास्त कर गेला. पैसे भरलेले, तरी भुर्दंड.

आता ताई 8 तारखेला हजेरी चढवतात, पीएफची फाइल आपोआप तयार होते. ती एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघा, दोन आकड्यांच्या मध्ये #~# अशी चिन्हं असतात. हातानं करायची म्हटलं तर वेड लागेल. 10 ला मी चलन भरून मोकळा. फेब्रुवारीत व्यवसाय कर 200 ऐवजी 300 धरणं, 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांचा तो न कापणं, जून-डिसेंबरचा कामगार कल्याण निधी, हे सॉफ्टवेअरला आपसूक कळतं. ईएसआयसीत कोणाचा पगार मध्येच 21 हजारांच्या मर्यादेवर गेला तरी सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत कापायचं असतं, हे तर मलाही माहीत नव्हतं. टीडीएसचं तिमाही विवरणपत्र मात्र सीएंकडे आहे, तिथे मी हात घालत नाही.

तुमच्याकडे महिन्यातून दोन तास शांतपणे बसणारं कोणी नसेल, किंवा माणसं सतत बदलत असतील, तर कन्सल्टंटच बरा असंही होऊ शकतं. पैशांत फार फरक पडला नाही, निदान मला तरी. बाकी माझ्यासारखी दहा-वीस जुनी माणसं असतील तर मी सॉफ्टवेअरकडेच बोट दाखवीन.

आणि काहीही घेतलंत तरी पोर्टलवर मोबाइल नंबर स्वतःचा टाका. आमच्या पीएफ खात्यावर सहा वर्षं कन्सल्टंटचा नंबर होता. सोडताना प्रत्येक ओटीपीसाठी त्यालाच फोन करायचा, आणि तो उचलायचा आपल्या सवडीनं.