फेअरट्रेड कॉफी घ्यावी, की साधी घेऊन उरलेले पैसे देणगी द्यावेत?

फेअरट्रेड म्हणजे शेतकऱ्याला किमान भावाची हमी देणारा शिक्का. पणजीच्या दुकानात 250 ग्रॅमच्या अशा पाकिटाला साध्यापेक्षा शंभर-दीडशे रुपये जास्त मोजताना हा प्रश्न पडतोच.

पोचतं किती? 250 ग्रॅम भाजलेल्या कॉफीला साधारण 300 ग्रॅम कच्च्या बिया लागतात. भाजताना वजन घटतं. अरेबिका जातीच्या कॉफीला फेअरट्रेड प्रीमियम, म्हणजे भावावर मिळणारी जादा रक्कम, पौंडभर वजनाला 20 अमेरिकी सेंट, म्हणजे पाकिटामागे जेमतेम दहा-बारा रुपये. ते सहकारी संस्थेकडे जातात आणि वापर सभासद ठरवतात. बाकीचा फरक मुख्यतः भाजणारे, वितरक, दुकान यांच्यातच मुरतो. देणगीतून याहून कितीतरी जास्त पोचू शकतं.

भाव पडला तर? इथे मात्र देणगी कमी पडते. धुतलेल्या (पाण्याने गर काढून वाळवलेल्या) अरेबिकाला 2023 पासून पौंडाला किमान 1.80 डॉलर ठरलेत. बाजार चढा असेल तर बाजारभाव. काजूचा दर कोसळला की सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराची काय गत होते, हे गोंयकाराला सांगायला नको. आधारभूत दराचं मोल तिथेच कळतं. पण मेख अशी, की संस्थेचा सगळा माल फेअरट्रेड दराने खपतोच असं नाही. उरलेला साध्या भावात जातो.

खटपट? पाकीट उचललं की झालं. देणगीआधी संस्थेचे हिशेब बघावे लागतात. देणगीवरची आयकर सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि 2,000 रुपयांवर रोख दिली तर तीही नाही.

कॉफी रोज लागतेच आणि भावाची हमी टिकावी असं वाटतं, त्यांनी शिक्क्याचं पाकीट घ्यावं. ठरावीक रकमेतून जास्तीत जास्त मदत पोचवायची असेल, तर साधी कॉफी आणि पारखून दिलेली देणगी.