जर्मनीत संसार थाटताना: भुसावळहून नेलेलं काय कामी आलं, काय नाही

स्टुटगार्टला राहायला जाऊन आता वर्ष होत आलं. पोरांना सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी आहे म्हणून सध्या भुसावळला आहे. आल्यापासून फैजपूर, सावदा, जळगाव, पार शहाद्याकडून फोन येतायत. कुणाचा जावई चाललाय, कुणाची भाची नर्स म्हणून निघालीय, आणि प्रश्न सगळ्यांचा एकच: सोबत काय काय न्यायचं? प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. आम्ही चौघं. नवरा ब्लू कार्डावर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी तिकडे मिळणारा राहण्याचा परवाना), मी, मुलगी आता दुसरीत जाईल, धाकटा बालवाडीत. एकटा माणूस नोकरीला जातो त्याचं वेगळं असतं, हे लिहिणं पोराबाळांसकट जाणाऱ्यांसाठी आहे.

आधीच सांगते. बॅगांमध्ये जे भरलं त्यातल्या निम्म्या वस्तूंवाचून काहीच अडलं नसतं. अडतं ते कागदांवाचून. त्यातले बरेच कागद आपल्या तालुक्याच्या गावी, खिडकीसमोर उभं राहिल्याशिवाय होत नाहीत. तिकडे बसून ते करायचे म्हटलं की इथल्या म्हाताऱ्या माणसांना उन्हातान्हात चकरा माराव्या लागतात.

पहिला कागद पोरांचा जन्मदाखला. आपल्याकडे बाळंतपण बहुधा माहेरी, म्हणजे दाखलाही माहेरच्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा. माझ्या मुलीचा चोपड्याकडचा, मुलाचा भुसावळचा. नोंद जन्मानंतर लगेच होते, नाव बारशाला ठेवतात, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो आणि शाळाप्रवेशापर्यंत तो कुणी बघत नाही. मुलाच्या दाखल्यावर नाव चढवायला गेलो तेव्हा एका कार्यालयात आम्हाला सांगितलं की साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात रजिस्टर सापडेना. व्हिसाची तारीख जवळ आलेली असताना हे फार जिवावर येतं. म्हणून नोकरीचं पत्र हातात पडायचीही वाट बघू नका, आजच दाखला काढून बघा. नवऱ्याचं, तुमचं, पोरांचं नाव इंग्रजीत जसं पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, दाखल्यावर आणि विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्रावर असायला हवं. चौधरी, पाटील, महाजन यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ इकडचा तिकडे झाला तरी तिथला कारकून थांबतो आणि प्रश्न विचारतो. तो उद्धटपणे वागतो असं नाही, पण कागद जुळल्याशिवाय पुढे सरकत नाही.

हे सगळं मूळ प्रतीत लागतं ते पहिल्या दोन आठवड्यांतच. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाचं सहीचं पत्र, सगळ्यांचे पासपोर्ट, विवाहाचा आणि जन्माचे दाखले. आपले दाखले मराठी-इंग्रजी असले तरी पुढच्या कामांना जर्मन भाषांतर मागतात आणि ते शपथ घेतलेल्या भाषांतरकाराचंच चालतं. या नोंदणीवर बाकी सगळं उभं आहे: टॅक्स नंबर, विमा, बँक, शाळा, पोरांचा भत्ता. तो भत्ता, किंडरगेल्ड, 2025 मध्ये एका मुलामागे महिन्याला 255 युरो होता. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, म्हणून दाखल्यांचं काम रखडलं की सरळ पैसा जातो.

टपालाबद्दल तर आम्हाला आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिकडे टॅक्स नंबर, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टाने येतं, आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. फ्लॅट नंबर बहुधा नसतोच. आमच्या इमारतीची देखभाल बघणाऱ्यांनी पेटीवर फक्त नवऱ्याचं आडनाव लावलं होतं. माझा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा. माझं विम्याचं कार्ड आलं आणि तसंच परत गेलं, आणि ते परत गेलंय हे कळायलाही दिवस लागले. तोवर धाकट्याला कानाचं दुखणं निघालं. त्याचं कार्ड आलेलं होतं म्हणून निभावलं. शेवटी मी पेटीवर कागदाची पट्टी चिकटवली, वर त्यांचं आडनाव, खाली माझं, आणि दारावरच्या बेलच्या बटणाशेजारीही तशीच. दोन आडनावांचं घर असेल तर सामान उघडायच्या आधी हे करा.

लसीकरणाचं कार्ड. सरकारी दवाखान्यातलं आमचं कार्ड घडीवर फाटलेलं, हळदीचं बोट लागलेलं, आणि गोवरच्या दुसऱ्या डोसाच्या चौकोनात शिक्का असा फासलेला की तारीख दिसेना. जर्मनीत 1 मार्च 2020 पासून कायदाच आहे: गोवरची लस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय मूल बालवाडीत घेत नाहीत. बालवाडीच्या बाईंनी कार्ड खिडकीपाशी नेऊन, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. त्या नाही म्हणाल्या नाहीत, पण डॉक्टरकडून खात्री करून आणा म्हणाल्या, आणि तिकडे बालरोगतज्ज्ञ नवीन पेशंट घ्यायला सहजी तयार होत नाहीत. इथून निघताना आपल्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप करून, प्रत्येक लशीचं नाव आणि तारीख घालून सही-शिक्क्याचं पत्र घेतलं असतं तर आमचे कितीतरी दिवस वाचले असते. जळगावला कुठलाही बालरोगतज्ज्ञ हे देईल.

ज्यांनी आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून शिक्षण घेतलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. जुन्या पदवीवर जुनं नाव आणि नव्या ट्रान्सक्रिप्टवर नवं नाव, अशी जोडी समोर आली की परका माणूस ही दोन विद्यापीठं समजतो. माझ्या बी.एड.च्या बाबतीत तेच झालं. विद्यापीठातून दोन्ही नावं एकाच संस्थेची असल्याचं पत्र सोबत ठेवा. बायकांनी तर नक्कीच ठेवा, कारण ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिकडे नोकरी करायची पूर्ण मुभा आहे आणि सहा-आठ महिन्यांनी, पोरं रुळली की, तुम्हाला तो कागद लागणारच आहे.

आता स्वयंपाकघर. तिकडे भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर नसतं. खोली असते, भिंतीतून पाण्याच्या नळ्या बाहेर आलेल्या असतात, शेगडीसाठीची वायर असते, पण ओटा, सिंक, कपाट काही नाही. आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन जातो. त्याच्याकडून ते विकत घेता येतं का हे घर बघतानाच विचारायचं. आम्हाला ते मिळायला वेळ लागला. तोवर एका सुट्या इंडक्शन शेगडीवर, न्हाणीघरात भांडी घासत संसार चालला. त्या काळात सगळ्यात कामाला आला तो इंडक्शनच्या बुडाचा स्टीलचा कुकर. ॲल्युमिनियमचा नेला असता तर तो तसाच पडून राहिला असता. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटवून बघा, चिकटला तर चालेल. कुकरची जादा गॅसकेट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चार-चार न्या. वजन काहीच नाही आणि आपल्या कंपनीचं माप तिकडे शोधून सापडत नाही.

मिक्सर चालला. तिकडची वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची आहे, फक्त पिन बदलावी लागते. कॅनडा-अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र नेऊ नये, तिकडे 120 व्होल्ट. मिक्सर लावायचीही वेळ बघावी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार पूर्ण दिवस. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच.

तवा खोलगट नेऊ नका. काचेच्या शेगडीला तो नुसता मध्ये टेकतो आणि भाकरी कडेने कच्ची राहते. जड, सपाट बुडाचा लोखंडी तवा न्या. आच दिसत नसलेल्या शेगडीवर भाकरी फुगत नाही हे खरं, पण फडक्याने दाबत फिरवली की पोटापुरती फुगते. कळण्याचं पीठ मी इथून दळून नेलं होतं आणि ते थंडीभर टिकलं, कारण सगळं फ्रीझरमध्ये ठेवलं. ते संपल्यावर इंडियन दुकानातलं ज्वारीचं पीठ आणि मिक्सरवर काढलेलं उडदाचं पीठ मीठ घालून एकत्र केलं. चव जवळपास तशीच येते. सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाल्या, “जमलं व माय तुला.” त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

भरताचं मात्र जमलं नाही. आपल्याकडची हिरवट-पांढरी, मोठी भरताची वांगी तिकडे मिळत नाहीत. जळगावच्या त्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते उगीच नाही. तिकडची काळी वांगी ओव्हनच्या ग्रिलवर भाजली की पाणी सोडतात आणि काटक्यांवरच्या धुराचा वास येत नाही. पातीचा कांदा, मिरची, शेंगदाणे घालून आम्ही ते खातो, पोरांना तेच भरीत वाटायला लागलंय, आणि हे मला मनापासून टोचतं.

काळा मसाला, बिबड्या, नागलीचे पापड, शेवया, लसणाची चटणी: सगळं न्या. काळा मसाला तर जास्तच न्या, शेवभाजीला दुसरा पर्याय नाही. तूप, पेढे, खवा, पनीर नेऊ नका. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, कस्टममध्ये काढून घेतात. तुपाची काळजीही करू नका, तिकडच्या बिनमिठाच्या लोण्याचं तूप घरीच कढवलं की दाणेदार आणि सुरेख होतं. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, घराघरात छताला धुराचा भोंगा असतो आणि मिरच्या भाजताना तो वाजतो.

कपड्यांवर इथे पैसे घालवू नका. भुसावळच्या बाजारातले लोकरी कपडे, स्वेटर, माकडटोप्या आम्ही बॅग भरून नेल्या. आपली थंडी पहाटेची, तिकडची ओली आणि दिवसभराची. पोरांना लागतात ते पाणी न शिरणारे जाड पॅंट-जॅकेट आणि रबरी बूट, कारण बालवाडीत पाऊस असो की बर्फ, त्यांना रोज बाहेर मातीत खेळायला नेतात. हे सगळं तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चांगल्या अवस्थेत, निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. पोरं सहा महिन्यांत वाढतात, नवं घ्यायची गरजच नसते. चष्म्याचा जादा जोड मात्र इथूनच करून न्या.

बालवाडीची जागा मिळायला वेळ लागतो. वयाचं एक वर्ष झालं की मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे, 2013 पासून, पण हक्क असला तरी यादी लांब असते. जागा मिळाल्यावर पहिले काही आठवडे आईनं किंवा बापानं तिथे बसून राहायचं असतं, आधी तासभर, मग खोलीबाहेर, मग थोडा वेळ निघून जायचं. मला ही पद्धत फार आवडली. धाकटा भाषेवाचून रडेल अशी धास्ती होती, पण कुणी त्याला ओढून आत नेलं नाही. मुलगी आधी महिनाभर वर्गात एक शब्द बोलली नाही. शिक्षिका म्हणाल्या, ऐकू द्या तिला. आता ती माझ्या जर्मनच्या चुका काढते.

दवाखान्याचं एकच लिहून ठेवा: रात्री-अपरात्री ताप आला तर 116117, जिवावरचं असेल तर 112. सरकारी विमा असेल आणि बायको कमवत नसेल तर ती आणि पोरं नवऱ्याच्या विम्यात फुकट येतात. इथून प्रतिजैविकं भरून नेण्यात काही अर्थ नाही.

शेती ज्यांच्या नावावर आहे त्यांनी हे जरूर वाचा. नवऱ्याच्या नावावर फैजपूरकडे थोडी केळी आहे. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलोपार्जित आपल्याकडे ठेवता येते, तेव्हा कुणी घाबरवलं तर घाबरू नका. अडचण रोजच्या कामांची आहे. पीकविमा, ई-पीक पाहणी, बँकेची केवायसी, प्रत्येकाला मोबाईलवर ओटीपी आणि कुठे कुठे माणूस समोर लागतो. इथलं सिम बंद पडू देऊ नका, छोटा रिचार्ज मारत राहा, रोमिंगमध्ये एसएमएस येतात. आणि मुखत्यारपत्र जायच्या आधी दुय्यम निबंधकाकडे नोंदवून टाका. तिकडून करायचं तर भारतीय दूतावासात जावं लागतं, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. एवढी धावपळ सत्तरीतल्या माणसानं का करायची? बँकेचं बचत खातंही एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं, तेही इथे असताना एका फेरीत होतं.

सासू-सासरे वसंतात येऊन गेले. शेंगेनचा व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचा, सोबत किमान 30,000 युरोचा प्रवास विमा. आईंचे गुडघे चौथ्या मजल्याच्या जिन्याने दुखले, तेव्हा आईवडील येणार असतील तर घर बघताना लिफ्ट बघा. नाना, म्हणजे सासरे, आधी दिवसभर खिडकीत बसून असायचे. मग जवळच्या बागांच्या पट्ट्यात एका जर्मन आजोबांशी त्यांची ओळख झाली. नाना लेवा बोलीत आणि ते आजोबा त्यांच्या बोलीत, दोघंही टोमॅटोच्या रोपांना आधार कसा द्यायचा यावर तासभर हातवारे करत बोलायचे. नानांनी त्यांचं रोप उपटून मुळं दाखवायला लावली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना परत यायचंय, म्हणून या सुट्टीत दोघांच्या पासपोर्टवरच्या आणि आधारवरच्या नावांचं स्पेलिंग जुळवून घेतोय. आईंच्या आधारवर आडनाव चुकलेलं निघालं, उद्या त्यासाठी केंद्रावर जायचंय.